‘कॅट’ला मराठीत काय म्हणावं: जोडणं, सांधणं की शृंखलन?

प्रश्न नाशिकहून आला आहे. कॉलेज रोडवरच्या एका संगणक वर्गात लिनक्स ही संगणकप्रणाली शिकवणाऱ्या बाई मुलांसाठी मराठीत टिपणं काढताहेत आणि ‘कॅट’ या आज्ञेपाशी अडल्या आहेत. पहिल्या खर्ड्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘दोन फायली जोडण्यासाठी ही आज्ञा वापरतात.’ त्यावरून बऱ्याच मुलांना वाटलं की ही ईमेलला फाइल जोडायची गोष्ट आहे. वर्गातल्या दुसऱ्या सरांनी ‘विलीन करणे’ सुचवलं, एका कोशप्रेमी मित्राने ‘शृंखलन’. यांतलं कोणतं घ्यावं, आणि या आज्ञेला मुळात कॅट का म्हणतात, असं त्यांनी विचारलंय.

नावाचं आधी उरकतो. मांजराचा इथे काही संबंध नाही. इंग्रजी ‘कॉन्कॅटनेट’ या लांबलचक शब्दाला दोन्हीकडून कात्री लावून मधलं ‘कॅट’ तेवढं ठेवलं. लिनक्सच्या आधीची, त्याच घराण्यातली प्रणाली म्हणजे युनिक्स; केन टॉम्पसन आणि डेनिस रिची या तिच्या कर्त्यांना आखूड नावांची भारी हौस: नक्कल करायला ‘सीपी’, हलवायला ‘एमव्ही’, यादी दाखवायला ‘एलएस’. टर्मिनल म्हणजे तेव्हा कागदावर खडखडत छापणारं टेलिटाइप यंत्र. त्यावर जितकं कमी टंकावं लागेल तितकं बरं. नोव्हेंबर 1971 मधल्या युनिक्सच्या पहिल्या हस्तपुस्तिकेतही ही आज्ञा आहे. ‘कॉन्कॅटनेट’च्या पोटात लॅटिन ‘कातेना’ आहे, म्हणजे साखळी. इंग्रजीतला ‘चेन’ फ्रेंचमधून फिरून आला तो याच शब्दापासून.

म्हणजे ‘शृंखलन’ सुचवणाऱ्या मित्राचा हिशेब लक्षात येतो. तिकडे कातेना, इकडे शृंखला. आपला ‘साखळी’ हा शब्दही शृंखलेचंच प्राकृतातून झिजत आलेलं रूप. व्युत्पत्तीला व्युत्पत्ती अगदी फिट्ट बसते. पण पर्यायी शब्द बसवायचा तो कामाला, इंग्रजी शब्दाच्या आजोबांना नव्हे. साखळीतली कडी न् कडी वेगळी दिसते, मोजता येते, हवी ती काढता येते. कॅटने केलेल्या फायलीत पहिली कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली याची एकही खूण राहत नाही. साखळीची उपमा लॅटिनातच थोडी ढिली होती. ती संस्कृतात नेऊन घट्ट होत नाही.

कॅट नेमकं काय करते ते ‘नाशिक’ याच शब्दावर पाहता येतं. एका फायलीत फक्त ‘नाशिक’ लिहा, शेवटी एंटर न मारता. (पुष्कळ एडिटर गुपचूप एंटर घालतात, तेव्हा ‘प्रिंटएफ’ या आज्ञेने लिहिलेलं बरं.) यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट (बाइट म्हणजे साठवणीचं एकक) खातं. न, काना, श, ऱ्हस्व वेलांटी, क अशी पाच चिन्हं, म्हणजे 15 बाइट. आता ‘स्प्लिट’ या आज्ञेला सांगा की हिचे 9 बाइटचे तुकडे कर. पहिल्या तुकड्यात राहतं ‘नाश’. (नाशिककरांनी मनाला लावून घेऊ नये.) दुसऱ्यात एक निराधार वेलांटी, बहुतेक पडद्यांवर ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली, आणि तिच्यामागे ‘क’.

हे दोन तुकडे ओळीने कॅटला द्या. ‘नाशिक’ परत हजर, आणि वेलांटी टुणकन उडी मारून ‘श’च्या डावीकडे जाऊन बसलेली. पाहणाऱ्याला वाटेल, कॅटला बाराखडी येते. तिने केलंय एवढंच की 9 बाइटच्या पुढे 6 बाइट ठेवले. वेलांटी कुठे काढायची हा निर्णय पडद्यावर अक्षरं मांडणाऱ्या यंत्रणेचा आणि फॉन्टचा. हवं तर 9 ऐवजी 10 बाइटवर तोडून बघा: वेलांटीच्या तीन बाइटांपैकी एक इकडे, दोन तिकडे, दोन्ही तुकड्यांत प्रश्नचिन्हांचे डाग. जोडल्यावर तरीही ‘नाशिक’ ठणठणीत. अक्षर, शब्द, ओळ, परिच्छेद यांतलं या आज्ञेला काहीही कळत नाही, आणि तिचा सगळा मोठेपणा त्या न कळण्यातच आहे.

आता एकेक शब्द घेऊ.

‘सांधणे’ मला आवडतो, पण तो तुटलेल्याचा शब्द आहे. मोडलेलं हाड सांधतात, तुटलेली दोरी सांधतात. मोठी फाइल स्प्लिटने तोडून चार तुकड्यांत पाठवली आणि पलीकडच्याने कॅटने पुन्हा अखंड केली, तर तिथे ‘तुकडे सांधले’ यापेक्षा चांगला शब्द नाही. पण मुळात वेगळ्या असलेल्या, वेगळ्या माणसांनी लिहिलेल्या दोन फायली कधी मोडल्याच नव्हत्या, त्या सांधायच्या कशा?

सांधण्याचं मूळ ‘संधी’त, आणि संधीचं सख्खं भावंड ‘संहिता’; दोन्ही ‘सम्’ आणि ‘धा’ पासून झालेले. पाणिनीचं सूत्र आहे, ‘परः संनिकर्षः संहिता’. वर्ण एकमेकांना अगदी खेटून उभे, मध्ये सवड नाही, ती संहिता. त्र्यंबकेश्वरच्या वेदपाठशाळेत शिकलेल्या माणसाला पदपाठ (शब्द सुटे म्हणणं) आणि संहितापाठ (संधी करून सलग म्हणणं) यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. ‘मध्ये सवड न ठेवता’ हा भाग कॅटला तंतोतंत लागू पडतो. पण संहितेत वर्ण बदलतात, विसर्गाचा ओ होतो, अ आणि इ चा ए होतो. कॅट एका बाइटलाही हात लावत नाही. शिवाय आज संहिता म्हटलं की निवडणुकीची आचारसंहिता किंवा नाटकाची संहिता डोळ्यांसमोर येणार. टिपणात ती घालू नये.

मात्र कॅटच्या हातून एक नको तो संधी होतो आणि तो मुलांना जरूर शिकवावा. समजा नाशिक जिल्ह्यातल्या 15 तालुक्यांची नावं दोन फायलींत आहेत, एका ओळीवर एक. पहिलीतलं शेवटचं नाव ‘निफाड’, आणि ते लिहिणाऱ्याने पुढे एंटर मारलेला नाही. दुसरी ‘सिन्नर’ने सुरू होते. कॅटने जोडल्यावर यादीत ‘निफाडसिन्नर’ नावाचा नवा तालुका जन्माला येतो, आणि ओळी मोजल्या तर भरतात 14. कॅटचा दोष नाही; एंटर हासुद्धा तिच्या लेखी एक बाइट, तो नव्हता म्हणून तिने ठेवला नाही.

‘विलीन करणे’ सरळ बाद. विलीन होतं ते दुसऱ्यात विरघळतं. संस्थानं विलीन झाली, म्हणजे त्यांचं वेगळं अस्तित्व गेलं. कॅटला दिलेल्या दोन्ही फायली जागच्या जागी शाबूत राहतात आणि तिसरी तयार होते. शिवाय ‘मर्ज’साठी हा शब्द लागणारच आहे. दोन क्रमवार याद्या एकमेकींत मिसळून एक क्रमवार यादी करणं वेगळं, आणि एक यादी संपल्यावर खाली दुसरी लावणं वेगळं. पहिल्यासाठी ‘विलीन’ चालेल.

‘एकत्रीकरण’ कोणी सुचवलेलं नाही, पण सुचवलं जाईल म्हणून आधीच बोलतो. शेतीवाल्या घरातल्या मुलांना हा शब्द ठाऊक असतो तो तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या 1947 च्या कायद्यामुळे. गावोगावी सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले ते त्याच योजनेत. त्या एकत्रीकरणात जमिनींची अदलाबदल होई, याचा तुकडा त्याला, त्याचा याला. क्रम राखण्याची हमी या शब्दात नाही, आणि कॅटमध्ये तर क्रम हेच सगळं. पहिली फाइल आधी दिली की आधी, नंतर दिली की नंतर.

याच कारणाने ‘मिळवणे’ही नको. दोनात तीन मिळवा नाहीतर तीनात दोन, उत्तर पाचच. विंडोजच्या काळ्या खिडकीत ‘कॉपी’ आज्ञेला फायलींच्या नावांमध्ये अधिकचं चिन्ह देऊन हेच काम होतं (मजकुराखेरीज इतर फायली असतील तर ‘स्लॅश बी’ लावायला विसरू नये), आणि त्या चिन्हामुळे मुलांना ही बेरीज वाटते. बेरजेत क्रम बदलला तर बिघडत नाही. इथे शेवटचा धडा आधी येऊन बसतो. एका बाबतीत आपण सुदैवी आहोत. हिंदीत ‘जोड़’ म्हणजे बेरीजसुद्धा, त्यामुळे तिकडे ‘जोड़ना’ म्हटलं की दोन अर्थ अंगावर येतात. मराठीत बेरजेला बेरीज आहे, ‘जोडणे’ मोकळा आहे.

तो पुरता मोकळा नाही, ही बाईंची अडचण खरी. कचेरीच्या मराठीत ‘सोबत प्रत जोडली आहे’ हे इतकं रुळलंय की ‘फाइल जोडा’ म्हटलं की हात पेपरक्लिपच्या चित्राकडे जातो. म्हणून क्रियापद तेच ठेवून आधी एक शब्द लावावा: ‘सलग’. सलग जोडणे. जमिनीच्या जाहिरातीत ‘दोन एकर सलग’ म्हटलं की मध्ये दुसऱ्याचा बांध नाही हे कळतं. ‘सलग तीन दिवस पाऊस’ म्हटलं की खंड नाही आणि दिवस एकामागून एक, हेही कळतं. खंड नसणं आणि क्रम असणं, कॅटला हव्या त्या दोन्ही गोष्टी या तीन अक्षरांत आहेत, आणि शब्द सातवीच्या मुलालाही माहीत आहे. नाम हवं असेल तर ‘सलग जोडणी’. प्रोग्रॅम लिहिताना दोन शब्दमाला (स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ) एकापुढे एक ठेवतात तिथेही हेच चालेल: “2” आणि “3” यांची बेरीज 5, सलग जोडणी “23”.

वाक्य असं लिहावं: ‘पहिली आणि दुसरी फाइल सलग जोडून तिसरी तयार करा.’ आज्ञा पडद्यावर अशी दिसेल (नाव अर्थात रोमन लिपीत टंकायचं):

कॅट पहिली दुसरी > तिसरी

ते ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह कॅटचं नाही, शेलचं, म्हणजे टंकलेली आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं आहे. ते दिलं नाही तर जोडलेला मजकूर पडद्यावर येतो, आणि म्हणूनच बहुतेक मुलांची समजूत असते की कॅट म्हणजे ‘फाइल दाखवा’. एकच फाइल दिली तर तेवढंच दिसतं, त्यांचंही चुकत नाही.

हेच चिन्ह दोनदा दिलं (>>) तर नवी फाइल होत नाही, असलेल्या फायलीच्या शेवटी मजकूर जातो. याला तर मराठीत परीक्षेच्या हॉलमधला तयार शब्द आहे: पुरवणी. मूळ उत्तरपत्रिका तीच, तिच्यामागे दोऱ्याने पुरवणी बांधायची. ‘तिसरीला चौथीची पुरवणी जोडा.’ विभक्तीसुद्धा मदतीला येते: जिला ‘ला’ लागला ती वाढते, दुसरी तिच्या शेवटी येते. बाईंनी इथे लाल शाईत लिहावं की दोनाऐवजी एकच चिन्ह पडलं तर शेल आधी ती फाइल कोरी करते आणि मग कामाला लागते. ‘कॅट पहिली दुसरी > पहिली’ असं कोणी लिहिलं तर पहिलीतला मजकूर कॅट तो वाचायला जाण्याआधीच गेलेला असतो.

क्रमाचा आणखी एक खोडा. ‘धडा1’ ते ‘धडा12’ अशा फायली असतील आणि नावं लिहायचा कंटाळा म्हणून ‘धडा*’ दिलं, तर शेल त्या आकड्यांनी लावत नाही, कोशातल्या शब्दांसारख्या लावते: धडा1, धडा10, धडा11, धडा12, आणि मग धडा2. सलग तर जोडल्या जातील, पण भलत्याच क्रमाने. नावं आधीपासून ‘धडा01’ अशी ठेवावीत.

मुलं विचारतीलच, म्हणून पीडीएफबद्दल दोन ओळी. दोन पीडीएफ कॅटला दिल्या तर ती मुकाट जोडते, पण हाती पानांचं एक सलग पुस्तक येत नाही, कारण प्रत्येक पीडीएफ आपल्या पानांची आतली सूची शेवटी बाळगून असते आणि त्या दोन सूचींची एक सूची करणं कॅटच्या कुवतीबाहेरचं. त्यासाठी ‘पीडीएफयुनाइट’सारखं साधन लागतं, आणि तिथे खुशाल ‘एकत्र करणे’ म्हणावं. जीझिपने आवळलेल्या फायली मात्र कॅटने सलग जोडून सोडवल्या तरी नीट सुटतात.

टिपणांत यापुढे ‘पेस्ट’ आणि ‘जॉइन’ येणार, तेव्हा त्यांचे शब्द आत्ताच बाजूला काढून ठेवा, नाहीतर पुन्हा ‘जोडणे’वरच गाडी येईल. पेस्ट ही आज्ञा पहिलीची पहिली ओळ आणि दुसरीची पहिली ओळ एका रांगेत मांडते. तिला ‘शेजारी लावणे’ म्हणा, कारण ‘चिकटवणे’ आधीच कॉपी-पेस्टने नेलंय. जॉइन दोन्ही फायलींत सारखा असलेला रकाना शोधते, उदाहरणार्थ हजेरी क्रमांक, आणि त्यावरून एकीतलं नाव दुसरीतल्या गुणांना लावते. पत्रिका जुळवतात तशातलं हे काम, म्हणून ‘जुळवणे’. फक्त दोन्ही फायली त्या रकान्यानुसार आधी क्रमाने लावून घ्याव्या लागतात, नाहीतर काही ओळी जुळायच्या राहून जातात, हेही त्याच पानावर लिहून टाका.