वाचक विचारतात : घरातल्या झाकल्या गोष्टी

प्रश्न : धाकट्या भावाने आणि मी हौसेखातर डीएनए चाचणी केली. आम्ही सख्खी भावंडं, तरी अहवालात १,७८० सेंटिमॉर्गनच (जुळणारा डीएनए मोजायचं एकक) सामाईक दिसतात. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल का? आईवडील हयात नाहीत.

उत्तर : परक्याच्या नमुन्याशी अदलाबदल झाली असती, तर आकडा शून्याजवळ आला असता. सख्ख्या भावंडांत साधारण २,३०० ते २,९०० सेंटिमॉर्गन सामाईक असतात. आई किंवा वडील यांपैकी एकच सामाईक असेल तर १,७५०च्या आसपास. पण नुसत्या बेरजेवर निकाल लावू नका. गुणसूत्रांच्या दोन्ही प्रती (एक आईकडून, एक वडिलांकडून आलेली) कुठे जुळतात, ते पाहा. सख्ख्या भावंडांत असा भाग सुमारे पाव असतो, सावत्र भावंडांत जवळजवळ नसतोच. (आई एकच आणि दोघांचे वडील एकमेकांचे सख्खे भाऊ असले, तर तो साधारण आठवा हिस्सा भरतो. असंही घडतं.)

मग प्रश्न उरतो, वेगळं कोण, आई की वडील? एका सख्ख्या मामे किंवा मावसभावंडाची आणि एका सख्ख्या चुलत किंवा आतेभावंडाची चाचणी करून घ्या. या नात्यात ४०० ते १,४०० सेंटिमॉर्गन अपेक्षित असतात. मामेभाऊ तुम्हा दोघांशी जुळला आणि चुलतभाऊ एकाशीच, तर वडील वेगळे. लांबच्या नातेवाइकांना यात ओढू नका : खापरपणजोबा सामाईक असलेल्या दहा जोड्यांपैकी साधारण एक चाचणीत जुळतच नाही, आणि त्या शून्यावरून भलताच अर्थ काढला जातो. घराण्यात नात्यातच लग्नं झाली असतील, तर आकडे फुगलेले येतात.

मामेभावाला चाचणीचं खरं कारण आधीच सांगा. त्याच्याही घरातलं काही त्यातून बाहेर येऊ शकतं.

प्रश्न : अल्बममध्ये चिकटवलेल्या जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहिलेली असावीत. ते कसे सोडवावेत?

उत्तर : आधी अख्खं पान ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, फोटो कोणत्या क्रमाने लावलेत, हाही पुरावाच असतो. मग दात साफ करायचा, मेण नसलेला दोरा फोटोखाली सरकवून करवतीसारखा हळूहळू ओढा. पाणी किंवा वाफ अजिबात नको, जिलेटिनचा थर फुगतो आणि चित्र उचकटतं. दोरा अडला तर थांबा, फोटो पानासकट ठेवा. पेन्सिलची अक्षरं पुसट असतील तर बाजूने तिरका उजेड पाडा, दाबाच्या खुणा उठून दिसतात.