दोन्ही जातीचे मोडेम ठेवायला काय हरकत होती?

प्रश्न असा आहे: माळ्यावरच्या खोक्यात ‘के-५६-फ्लेक्स’ लिहिलेला जुना मोडेम (फोनच्या लाइनवरून संगणक इंटरनेटला जोडणारा डबा) सापडला. बाबा सांगतात की शेजारच्या काकांकडे ‘एक्स-टू’ होता आणि त्यांना तो नागपुरात कधीच नीट वेगाने चालला नाही. मग इंटरनेट कंपन्यांनी दोन्ही प्रकार का ठेवले नाहीत? ग्राहक तर दोन्हीकडचे होते.

१९९९ साली मी नागपुरात धंतोलीतल्या एका छोट्या खाजगी इंटरनेट कंपनीत तांत्रिक कामाला लागलो. रॅक (म्हणजे कंपनीच्या बाजूचे मोडेम एकत्र बसवलेलं यंत्र), लाइन आणि ग्राहकांचे फोन असं तिन्ही माझ्याकडे होतं. त्यामुळे हा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आधी भांडण काय होतं ते थोडक्यात. सेकंदाला ३३.६ किलोबिटपर्यंत सगळे व्ही.३४ या एकाच मानकावर होते, कुणाचाही मोडेम कुणाशीही बोलायचा. १९९७ मध्ये ५६ किलोबिटचे मोडेम आले आणि दोन तट पडले. यूएस रोबोटिक्सचा एक्स-टू एकीकडे, रॉकवेल आणि ल्युसेंटचा के-५६-फ्लेक्स दुसरीकडे. दोघांमागची कल्पना एकच. टेलिफोन एक्स्चेंजच्या आत आवाज सेकंदाला ८,००० नमुन्यांत, प्रत्येकी ८ बिटांत धावतो. इंटरनेट कंपनीने आपली बाजू थेट डिजिटल लाइनवर ठेवली, तर तिच्याकडून ग्राहकाकडे येताना ॲनालॉगचं डिजिटल करायची पायरीच गळते आणि त्या पायरीत मिसळणारा गोंगाटही गळतो. ८ पैकी ७ बिट हाताशी धरले तर ७ गुणिले ८,००० म्हणजे ५६,०००. ग्राहकाकडून कंपनीकडे जाताना मात्र ती पायरी चुकत नाही, म्हणून अपलोड ३३.६ वरच अडकलं. कल्पना एक असूनही दोघांची बोली वेगळी होती. एक्स-टू आणि फ्लेक्स समोरासमोर आले की दोघेही निमूट व्ही.३४ वर उतरायचे. काकांचं नेमकं हेच झालं असणार.

फेब्रुवारी १९९८ मध्ये आयटीयूत, म्हणजे दूरसंचाराची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत, व्ही.९० या ५६ किलोबिटच्या सामाईक मानकावर एकमत झालं आणि सप्टेंबरमध्ये त्याला औपचारिक मंजुरी मिळाली. आपल्याकडे खाजगी कंपन्यांना दार उघडलं ते नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने. म्हणजे आम्ही दुकान मांडलं तेव्हा तह झालेला होता. पण लोकांच्या घरचे मोडेम तहाच्या आधीचे होते. शिवाय जुन्या रॉकवेल मोडेमपैकी बऱ्याच जणांत फ्लॅश मेमरी थोडीच असायची. तिच्यात व्ही.९० आणि फ्लेक्स दोन्ही मावत नसत, मालकाला एकच निवडावं लागे. रॅक विकणाऱ्यांचंही तसंच. एकाचं यंत्र व्ही.९० सोबत एक्स-टू द्यायचं, दुसऱ्याचं व्ही.९० सोबत फ्लेक्स. आमच्यापुढचा प्रश्न एवढाच उरला होता की जुन्यांपैकी कुणाला सांभाळायचं.

आता तुमचा खरा मुद्दा: दोन्ही रॅक का नाही घेतले?

आमच्याकडे दोन पीआरआय, म्हणजे एक्स्चेंजपासून आलेल्या डिजिटल लाइन होत्या, प्रत्येकीत ३० वाहिन्या, म्हणजे ६० जण एका वेळी. ग्राहक नंबर फिरवतो तेव्हा एक्स्चेंज त्याला मोकळ्या वाहिनीवर बसवतं. त्याच्याकडे कुठला मोडेम आहे हे एक्स्चेंजला कळायचा मार्गच नसतो, कारण मोडेम बोलायला लागतात ते फोन उचलल्यानंतर. म्हणून दोन जातीचे रॅक ठेवायचे तर दोन वेगळे नंबर हवेत, एका नंबरावर एक पीआरआय. तिथेच घात होतो.

टेलिफोनवाले यासाठी एर्लांगचं गणित वापरतात. शंभरातल्या एकाच कॉलला एंगेज टोन लागावा अशी अट घातली, तर ६० वाहिन्यांच्या एका गटावर सरासरी ४७ वाहिन्या भरलेल्या चालतात. ३० च्या गटावर फक्त २०. म्हणजे दोन गट मिळून ४० च्या थोडं वर. भाडं तेवढंच, यंत्रं दुप्पट, आणि सहा वाहिन्यांचं काम हवेत. तेही ग्राहक दोन्हीकडे निम्मेनिम्मे असतील तर. पाचात चार फ्लेक्सवाले असतील तर रात्री ९ ते ११ त्यांचा नंबर सतत एंगेज, आणि शेजारच्या गटात वाहिन्या रिकाम्या.

मला ग्राहकाच्या बाजूने एवढंच दिसायचं: ४५ ऐवजी ३१ किलोबिटने जोडलं गेलं तर माणूस चिडतो, पण मेल उघडतो. एंगेज टोन आला तर त्याच्या हाती काहीच नाही. वेग आणि जागा यांत निवडायचं तर जागा. आज कुणी विचारलं तरी मी हेच सांगेन.

मग एकच तट कसा ठरवला? मी दोन शनिवार सीताबर्डीच्या संगणकाच्या दुकानांमध्ये फिरलो आणि जोडून विकल्या जाणाऱ्या पीसींमध्ये कुठलं मोडेम कार्ड घालतात ते विचारलं. बहुतेक ठिकाणी स्वस्त कार्डं होती, आत रॉकवेलची चिप. आम्ही फ्लेक्सवाला रॅक घेतला. एक्स-टूवाले थोडे होते, त्यांना मी एकेक करून फोन करून व्ही.९० चं अपग्रेड सुचवलं. यूएस रोबोटिक्सच्या बऱ्याच मोडेमना ते घालता यायचं.

तुमचा मोडेम अजून चालू होत असेल आणि जुनी लॉग फाइल सापडली तर एक गंमत बघा. फ्लेक्सचे वेग २,००० च्या पायऱ्यांनी चढतात: ४२,०००, ४४,०००, ४६,०००. व्ही.९० आणि एक्स-टूचे १,३३३ च्या: ४४,०००, ४५,३३३, ४६,६६७. म्हणजे ४६,००० दिसलं की फ्लेक्स, ४५,३३३ दिसलं की फ्लेक्स नाही. ग्राहक फोनवर नुसता आकडा सांगायचा आणि मला कळायचं की त्याचा मोडेम कुठल्या बोलीत बोलला.

आणि बाबांना हेही सांगा की दोष दर वेळी मानकाचा नसायचा. रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांना घरून ४५,३३३ मिळायचे आणि दवाखान्यातून २८,८००. तोच मोडेम, तोच नंबर. दवाखान्याचा फोन आतल्या डिजिटल बोर्डातून जायचा. तिथे आवाजाचं एकदा जास्तीचं डिजिटल-ॲनालॉग व्हायचं, आणि ५६ किलोबिटच्या सगळ्या युक्तीचा पायाच असा की असं रूपांतर वाटेत एकदाच व्हावं. थेट लाइन ओढून दिली आणि त्याच दिवशी वेग आला. इतवारीतल्या एका दुकानदाराचा वेग दर पावसाळ्यात ढासळायचा. लाइनमनने डीपी बॉक्समधला (गल्लीतल्या फोनच्या तारा जोडायच्या पेटीतला) ओला जोड बदलला, वरच्या मजल्यावरचा पॅरलल फोन काढला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. त्या काळात मी निम्म्या तक्रारी मोडेमला हात न लावता सोडवल्या, फक्त लाइनमनला चहा पाजून त्याच्यासोबत खांबापर्यंत जाऊन.

मोडेम फेकू नका. ॲडॉप्टर असेल तर सिरियल पोर्टला लावून ‘एटी’ (AT) टाइप करा. ‘ओके’ आलं तर तो जिवंत आहे. मग ‘एटीआय३’ (ATI3) देऊन त्यात कुठलं फर्मवेअर (मोडेमच्या आतलं सॉफ्टवेअर) आहे ते इथे लिहा. व्ही.९० दिसलं तर तुमच्या बाबांनी तो त्या काळी अपग्रेड केलेला असणार.