सकाळी लहान, संध्याकाळी मोठी

प्रश्न : माझं वय ३१. पाच महिन्यांपूर्वी उजव्या मनगटावर, मागच्या बाजूला, एक गाठ दिसू लागली. आधी वाटाण्याएवढी होती, आता गोटीएवढी झाली आहे. सकाळी लहान वाटते, दिवसभर टायपिंग केलं की फुगते. एरवी दुखत नाही, पण तळहात टेकून उठताना कळ येते. घरातले मोठे म्हणतात, जाड पुस्तक जोरात मारलं की गाठ बसते. मला मात्र कॅन्सरच्या भीतीने झोप लागत नाही. गाठ काढून टाकावी का? आणि दीड वर्षाच्या मुलाला उचलू की नको?

उत्तर : 'सकाळी लहान, संध्याकाळी मोठी' हे तुम्ही लिहिलंत आणि माझा जीव भांड्यात पडला. कॅन्सरची गाठ अशी रोज कमी-जास्त होत नाही. तुमचं वर्णन गँगलिऑनचं आहे, म्हणजे सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवाने भरलेली पिशवी. मनगटातल्या दोन छोट्या हाडांना बांधणाऱ्या अस्थिबंधाजवळून तिचा बारीक देठ निघतो. हात राबला की द्रव देठातून वर ढकलला जातो, पण सहजी परत जात नाही. टायपिंगमुळेच ती झाली असं म्हणता येत नाही, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका.

तरीही एकदा डॉक्टरांना हात दाखवाच. पत्रावरून केलेलं निदान हाताने तपासल्यासारखं नसतं. अंधाऱ्या खोलीत गाठीला टॉर्च टेकवला की ती आतून लालसर उजळते, भरीव गाठ तशी उजळत नाही. शंका राहिली तर सोनोग्राफी करतात. गाठ दगडासारखी टणक असेल, झपाट्याने वाढत असेल, लाल आणि गरम झाली असेल किंवा बोटं बधिर होत असतील, तर मात्र थांबू नका.

शिकाऊ डॉक्टर असताना माझ्याही डाव्या मनगटावर अशीच गाठ आली होती. मी ती घड्याळाच्या पट्ट्याखाली लपवत असे आणि रात्री अंगठ्याने दाबून पाहत असे, वाढली का म्हणून. तुमची उडालेली झोप मला चांगली कळते. शेवटी वरिष्ठांनी टॉर्च लावून मलाच ती दाखवली आणि 'राहू दे' म्हणाले. दोन वर्षांनी कधीतरी लक्षात आलं की गाठ नाहीच. कधी गेली, तेही कळलं नाही. अशा जवळपास निम्म्या गाठी काहीही न करता विरतात, मात्र त्याला महिने, कधी वर्षं लागतात. म्हणून 'राहू दे' हाही एक उपचारच आहे.

पुस्तक मारू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. पिशवी फुटते, द्रव पसरतो, गाठ सपाट दिसते, पण देठ तिथेच असतो आणि गाठ बहुधा पुन्हा भरते. वर हाड किंवा शिरा दुखावण्याचा धोका आहेच. घरच्या घरी सुई टोचणं तर त्याहून वाईट, त्याने सांध्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो.

डॉक्टर जाड सुईने गाठ रिकामी करू शकतात. निघतं ते पाणी नसतं, केसांना लावायच्या जेलसारखा घट्ट, पारदर्शक द्रव असतो. लगेच हलकं वाटतं, पण निम्म्याहून अधिक जणांची गाठ परत येते. मनगटाच्या पुढच्या बाजूला, नाडीजवळ गाठ असेल तर मी सुई सहसा टाळते, कारण रक्तवाहिनी अगदी चिकटून असते. शस्त्रक्रियेत देठासकट गाठ काढतात. त्यानंतर ती परत येण्याचं प्रमाण कमी होतं, शून्य होत नाही. शिवाय व्रण राहतो आणि मनगट काही आठवडे आखडतं. गाठ रोजच्या कामात आडवी येत असेल तरच तो विचार करा. आज तुमच्या जागी मी असते तर थांबले असते.

मुलाला जरूर उचला. फक्त मनगट मागे मोडून तळहातावर वजन घेऊ नका. कोपरापासूनचा हात त्याच्या खाली सरकवा, मनगट सरळ ठेवा आणि त्याला छातीशी धरून उठा. जमिनीवरून उठताना तळहाताऐवजी मूठ टेका. जास्त काम झालेल्या दिवशी मनगटाचा पट्टा काही तास बांधायला हरकत नाही, पण तो दिवसरात्र ठेवू नका, सांधा आखडेल.