मर्सिडीजचं एवढं कौतुक का? जरा सविस्तर उत्तर

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. डाइमलर आणि बेंझ यांतला मूळपुरुष कोणता, जपानी गाड्या जास्त भरवशाच्या असताना लोक अजून मर्सिडीजच्या त्या ताऱ्यावर जीव का टाकतात, आणि जुनी डब्ल्यू १२४ (मर्सिडीजची ऐंशी-नव्वदच्या दशकांतली गाडी) मिळत असेल तर घ्यावी का. वर दोघातिघांनी "नुसतं स्टेटस" असं म्हणून विषय मिटवलाय. स्टेटस आहेच, ते कोण नाकारतंय. पण ते नंतर आलं. माझ्या मते या कंपनीचं खरं मोठेपण असं, की रस्त्यावर जे घडलं ते तिने पुन्हा ड्रॉइंग बोर्डवर नेलं. नेहमी नाही, पण इतरांपेक्षा जास्त वेळा आणि जास्त चिकाटीने.

मूळपुरुष दोन, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. कार्ल बेंझ मानहाइमचा. २९ जानेवारी १८८६ रोजी त्याने तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. एका सिलिंडरचं इंजिन, एक हॉर्सपॉवरही नाही. गॉटलिब डाइमलर आणि त्याचा सहकारी विल्हेल्म मायबाख हे स्टुटगार्टजवळच्या कान्श्टाटचे. डाइमलरच्या बागेतल्या काचघरात ते दोघे हलक्या, वेगवान इंजिनावर काम करत. इतकं गुपचूप, की माळ्याला ते खोटी नाणी पाडतात असा संशय आला आणि पोलीस येऊन झडती घेऊन गेले. १८८६ मध्येच त्यांची चारचाकीही तयार झाली. दोन गावांत शंभरेक किलोमीटरचं अंतर, तरी बेंझ आणि डाइमलर यांची कधी गाठ पडली नाही असंच सांगितलं जातं.

मला विचाराल तर तिसरं नाव या दोघांच्याही आधी घ्यायला हवं: बेर्था बेंझ. लग्नाआधीच हुंड्याचे पैसे आगाऊ मागून घेऊन तिने कार्लचा कारखाना वाचवला होता. पुढे गाडी तयार झाली, पेटंट मिळालं, पण गिऱ्हाईक येईना. कार्ल आपला सुधारणाच करत बसलेला. ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे बेर्थाने त्याला न सांगता गाडी बाहेर काढली, ऑयगन आणि रिचर्ड या दोन मुलांना बरोबर घेतलं आणि माहेरी, फोर्त्सहाइमला निघाली. शंभराहून जास्त किलोमीटर. तोवर इतक्या लांब मोटारगाडी कुणी नेलीच नव्हती.

पेट्रोल पंप ही गोष्टच तेव्हा नव्हती. वीस्लोख गावात तिने औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं. डाग काढायला वापरायचा तो द्रव होता, आणि इंजिन त्यावरच चालायचं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने साफ केली. इग्निशनची वायर घासून उघडी पडली, तिला मोज्याच्या बंदाचं इन्सुलेशन केलं. चढ आला की मुलं उतरून ढकलायची. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजायला लागले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. आजच्या ब्रेक लायनिंगची सुरुवात तिथली. माहेरी पोचल्यावर नवऱ्याला तार केली. आणि परत आल्यावर काय काय कमी पडलं तेही सांगितलं. चढासाठी आणखी एक खालचा गिअर हवा, हे त्यातलंच. बेंझने तो दिला. जगातली पहिली रोड टेस्ट हीच, आणि तिचा रिपोर्ट एका बाईने दिला.

आता मर्सिडीज हे नाव. ते ना बेंझच्या घरातलं, ना डाइमलरच्या. एमिल येलिनेक नावाचा ऑस्ट्रियन व्यापारी फ्रान्समध्ये नीसला राहायचा, श्रीमंतांना डाइमलर गाड्या विकायचा आणि मुलीच्या नावाने शर्यतीत उतरायचा. मुलीचं नाव मर्सिडीज. मार्च १९०० मध्ये नीसजवळच्या घाटातल्या शर्यतीत डाइमलरचा चालक विल्हेल्म बाउअर अपघातात गेला. गाडी उंच, तोकडी आणि पुढून जड. त्याच महिन्यात गॉटलिब डाइमलरही वारला. शर्यती बंद कराव्यात असं कंपनीत चाललं होतं. येलिनेक म्हणाला, शर्यती नकोत असं नाही, ही गाडी नको. लांब हवी, रुंद हवी, बुटकी हवी. तशी बनवा, छत्तीस गाड्या मी घेतो. मायबाखने मग ३५ हॉर्सपॉवरची गाडी काढली. दाबलेल्या पोलादाची चौकट, खाली बसवलेलं इंजिन, मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा रेडिएटर. १९०१ च्या वसंतात नीसच्या शर्यतींत तिने सगळ्यांना मागे टाकलं. घोडा काढून घेतलेली बग्गी संपली आणि आज आपण जिला मोटार म्हणतो तिचा आकार इथे ठरला. १९०२ मध्ये नाव ट्रेडमार्क झालं. तारा १९०९ चा. जमीन, पाणी आणि हवा, तिन्हीकडे डाइमलरची इंजिनं चालावीत असा त्याचा अर्थ लावतात. पहिलं महायुद्ध आणि भयंकर महागाईने दोन्ही कंपन्या टेकीला आल्या, तेव्हा जून १९२६ मध्ये त्या एक झाल्या.

यापुढचा काळ अनेक चाहते गाळून टाकतात. मला ते पटत नाही. नाझी राजवटीत डाइमलर-बेंझ शस्त्रसामग्री बनवत होती, सत्ताधाऱ्यांच्या मिरवणुकीत हिच्याच गाड्या होत्या, आणि १९४४ च्या अखेरीस तिच्या कामगारांपैकी निम्म्याच्या आसपास वेठबिगार, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले कैदी होते. पुढे कंपनीने याचं संशोधन करवून घेतलं, नुकसानभरपाईच्या निधीत पैसे घातले. त्याने ते पुसलं जात नाही. ताऱ्याचा इतिहास सांगायचा तर हेही सांगावंच लागतं.

युद्धानंतरच्या काळातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा माणूस म्हणजे कंपनीचा इंजिनिअर बेला बारेन्यी. शर्यतवाल्यांच्या आणि डिझाइनरांच्या गर्दीत त्याचं नाव मागे पडतं. तेव्हा पक्की समजूत अशी, की गाडी जेवढी टणक तेवढी सुरक्षित. बारेन्यी म्हणाला, उलट आहे. गाडी चेपली नाही तर धक्का माणसाला बसतो. मधला केबिनचा भाग मजबूत ठेवा आणि पुढचा-मागचा भाग ठरवून, हळूहळू चेपेल असा करा. १९५१ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९५९ च्या डब्ल्यू १११ या मॉडेलमध्ये ते प्रत्यक्षात आलं. त्याच वर्षी कंपनीच्या झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात गाड्या मुद्दाम धडकवून बघायला सुरुवात झाली. गाडीला नेमका वेग द्यायचा म्हणून मागे तापलेल्या पाण्याच्या वाफेवर उडणारं रॉकेट जोडायचे. १९६९ पासून कंपनीचे इंजिनिअर खऱ्या अपघातांच्या जागी जाऊन मोजमाप करायला लागले: कुठे वाकलं, कुठे तुटलं, आतल्या माणसाला कुठे लागलं. प्रयोगशाळेतली भिंत एक सांगते आणि झाडावर तिरकी आदळलेली गाडी दुसरंच, हे त्यांना तिथे कळलं.

१९७८ मध्ये बॉशबरोबर एस-क्लास या मोठ्या गाडीत एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आलं, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एअरबॅग, १९९५ मध्ये ईएसपी (गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा). आज आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या बाइकलाही एबीएस बंधनकारक आहे. आयुष्यात मर्सिडीजमध्ये न बसलेला माणूसही पावसात ओल्या डांबरावर ब्रेक दाबतो तेव्हा त्या कामाचा फायदा घेतो. म्हणून "नुसतं स्टेटस" वाचलं की मला बोलावंसं वाटतं.

१९५४ च्या ३०० एसएल या स्पोर्ट्स कारबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, मी लांबवत नाही. तिची वर उघडणारी दारं शोभेची नव्हती, एवढं लक्षात ठेवा. नळ्यांची चौकट बाजूने इतकी उंच आली होती, की साधं दार बसेचना.

आपल्याकडची ओळख लोकांना वाटते त्याहून जुनी आहे. १९५४ मध्ये टेल्कोने (पुढची टाटा मोटर्स) डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनायला लागले. १९६९ पर्यंत त्यांच्या तोंडावर तारा होता. म्हणजे भारतात हा तारा आधी घाटात माल चढवताना दिसला, बंगल्यांच्या पोर्चमध्ये त्यानंतर. मर्सिडीज-बेंझ इंडिया १९९४ ची. १९९५ मध्ये टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात डब्ल्यू १२४ जुळवायला लागले, आणि २००९ पासून काम चाकणला आहे.

म्हणजे आलोच तुमच्या गाडीपाशी. डब्ल्यू १२४ बघायला जाल तेव्हा चालवण्याआधी दोन गोष्टी बघा. पुढच्या काचेवर वायपर एकच आहे. तो नुसता गोल फिरत नाही. बुडाशी असलेल्या यंत्रणेमुळे कोपऱ्यांकडे जाताना लांब होतो आणि मध्यावर पुन्हा आत येतो, त्यामुळे वरचे दोन्ही कोपरे पुसले जातात. पाणी मारून चालू करा आणि जवळून बघा, पाच मिनिटं हलावंसं वाटणार नाही. दुसरं म्हणजे मागचे दिवे. त्यांच्या काचेवर आडव्या खोल खाचा आहेत. चिखल उडतो तो बाहेरच्या कडांवर बसतो, आतल्या खाचा बऱ्यापैकी स्वच्छ राहतात आणि दिवा मागच्याला दिसत राहतो. जुलैत मुंबई-गोवा रस्त्यावर ट्रकच्या मागून गाडी चालवलेल्या माणसाला याची किंमत सांगावी लागत नाही. त्या गाडीत अशा गोष्टी खूप आहेत, आणि ब्रोशरमध्ये मिरवायला कुणी केलेल्या नाहीत.

जपानी गाड्यांचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. १९८९ मध्ये टोयोटाच्या लेक्सस या ब्रँडची एलएस ४०० आली आणि शांतपणा, फिनिश आणि किंमत या तिन्हींत तिने स्टुटगार्टला हादरवलं. त्यानंतर मर्सिडीजने खर्चाला कात्री लावली. नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या गाड्या गंजल्या, १९९८ मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी केलेला संसार २००७ मध्ये मोडला. १९९७ मध्ये स्वीडिश पत्रकारांच्या चाचणीत नवी ए-क्लास अचानक वळवताना उलटली. कंपनीने आधी हात झटकायचा प्रयत्न केला, पण मग विक्री थांबवली, सस्पेन्शन बदललं आणि त्या लहान गाडीत सरसकट ईएसपी दिलं. महागड्या गाड्यांतली ही सोय छोट्या गाडीत यायला तो फजितीचा प्रसंगच कारण झाला. बिनबोभाट रोज चालणारी, कमी खर्चाची गाडी हवी असेल तर आजही जपानीच घ्या, मी तेच सांगेन.

पण डब्ल्यू १२४ मनात भरली असेल आणि खिशात दुरुस्तीसाठी वेगळे पैसे असतील तर घ्या. डिझेल ई २५० डी आणि पेट्रोल ई २२० या दोनपैकी डिझेल निवडा. पळायला मंद, पण इंजिन दणकट आणि साधं. पेट्रोल ई २२० असेल तर बॉनेट उघडून इंजिनची वायरिंग आधी तपासा. त्या काही वर्षांत वायरींवरचं आवरण पर्यावरणपूरक म्हणून बदललं होतं आणि ते उष्णतेने ठिसूळ होऊन गळतं. वायर हलकी वाकवली आणि आवरणाचा भुगा झाला, तर पूर्ण हार्नेस (वायरींचा सगळा जुडगा) बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. जॅक लावतात त्या जागा आणि पुढचे मडगार्ड गंजासाठी बघा, समुद्राजवळ राहिलेली गाडी असेल तर जास्तच. मागच्या सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) बहुतेक गेलेले असतील, ते सगळे एकदमच बदला. आरसीची मुदत, फिटनेस आणि पंधरा वर्षांपुढचा पर्यावरण कर आरटीओत विचारून घ्या, आणि ते कागद हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. वायरिंगचे फोटो इथे टाकलेत तर बघून सांगतो.