आज किती केलेस?

मे महिन्यात एका सकाळी निखिलचे वडील माझ्याकडे समुपदेशनासाठी आले ते मोबाइल हातात धरूनच. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) स्क्रीनवर इंग्लंडमधल्या एका क्लब सामन्याचा धावफलक उघडा होता. "हे बघा मॅडम. शून्य, चार, अकरा, परत शून्य. रात्री फोनवर रडतो. बोलवून घेऊ का परत?"

हा प्रश्न नुसत्या खेळाडूंच्या घरचा नाही. जर्मनीत शिकायला गेलेल्या, दुबईत नोकरीला लागलेल्या मुलांचे आईवडीलही मला हेच विचारतात. पण खेळाडूच्या बाबतीत एक वेगळी गोची असते: त्याचा वाईट दिवस जगाला ऑनलाइन दिसतो.

निखिल पंचवीस वर्षांचा, वरच्या फळीतला फलंदाज. वयोगटातलं क्रिकेट गाजवून राज्याच्या संभाव्य यादीपर्यंत पोचला, दोन हंगाम तिथेच लटकला, मग यादीतून नाव गेलं. ओळखीतून लँकेशायरमधल्या एका क्लबात 'ओव्हरसीज' म्हणजे परदेशी खेळाडू म्हणून एप्रिल ते सप्टेंबर जायची संधी आली. राहायला खोली, विमानाचं तिकीट, शनिवारी सामना, शुक्रवारी संध्याकाळी लहान मुलांचं कोचिंग. त्या भागात आपले खेळाडू पूर्वीपासून जातात. १९५२ मध्ये विनू मांकड तिथल्या हॅस्लिंग्डन क्लबाशी करारबद्ध होते. भारतीय संघाने त्यांना मागून घेतलं आणि लॉर्ड्स कसोटीत त्यांनी ७२ आणि १८४ केल्या. निखिलच्या वडिलांना मात्र पुजाराच आठवत होता. "२०२२ ला टीममधनं काढला, ससेक्सला गेला, डबल सेंच्युऱ्या ठोकल्या, जुलैत परत टीममध्ये!" खरं आहे. पण पुजारा ससेक्स या इंग्लिश काउंटी संघाकडे गेला तेव्हा त्याच्या गाठीला नव्वदहून अधिक कसोट्या होत्या. आपल्या पोराला कुणाच्या मापाने मोजतोय, ते एकदा बघायला हवं होतं.

निखिलशी व्हिडिओवर बोलले. तिथे दुपारचे बारा, आपल्याकडे साडेचार. घरात बसून डोक्यावर लोकरी टोपी. थंडीत चेंडू बॅटच्या कडेला लागला की हात कोपरापर्यंत झिणझिणतात, ओल्या खेळपट्टीवर चेंडू थांबून येतो, मी ड्राइव्हला जातो आणि स्लिपमध्ये झेल, असं तो सांगत होता. माझं क्रिकेटचं ज्ञान गल्लीपुरतं; मी ऐकून घेतलं आणि त्याला एक छानसं वेळापत्रक बनवून दिलं. झोप, व्यायाम, श्वसन. पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, "ताई, वेळापत्रक मी दहा वर्षांचा असल्यापासून पाळतोय." ती चूक माझी. घाईत औषध दिलं, दुखणं विचारलंच नाही.

मग दिवसाचा एकेक तास विचारला. शनिवारी आउट झाल्यावर काय करतोस? पॅड न काढता बसतो. सामना संपल्यावर? सगळे क्लबच्या बारमध्ये जातात. मी पीत नाही, म्हणून खोलीवर. डाळभात मायक्रोवेव्हमध्ये गरम करतो आणि साडेसातला घरी फोन लावतो. म्हणजे इथे रात्रीचे बारा. वडील जागेच असतात, धावफलक त्यांनी आधीच बघितलेला असतो, तरी विचारतात, "आज किती केलेस?" त्यांना माहीत आहे हे त्याला माहीत असतं, तरी तो आकडा तोंडाने सांगतो.

सांगलीत शून्यावर आउट झालेला निखिल संध्याकाळी आईचा निखिल असतो, गल्लीतल्या पोरांचा दादा असतो, भडंगवाल्याकडे उधारी असलेलं गिऱ्हाईक असतो. तिथे तो नुसता 'ओव्हरसीज' होता. शून्यावर आउट झाला की हातात शून्यच. त्यामुळे प्रत्येक डाव जुन्या निवड समितीसमोर खेळल्यासारखा, आणि ती समिती तर मैदानाच्या आसपाससुद्धा नव्हती.

परत बोलवायचं की नाही, हे ठरवण्याआधी मी त्याला सरळ विचारलं: झोप लागते का, जेवण जातं का, जगू नये असं वाटतं का? असलं विचारल्याने डोक्यात विचार घुसतो, हा गैरसमज आहे. तिसऱ्याचं उत्तर 'हो' असतं, तर त्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं, ११६ १२३ हा तिथला मोफत मदतीचा नंबर दिला असता आणि परतीचं तिकीट बघायला सांगितलं असतं. वडिलांना मार्कस ट्रेस्कोथिकचं उदाहरण दिलं. इंग्लंडचा हा सलामीवीर २००६ मध्ये भारताचा दौरा अर्धवट टाकून घरी गेला. नागपूर कसोटीत त्या वेळच्या नवख्या अ‍ॅलिस्टर कुकला पदार्पण मिळालं, त्याचं हेही एक कारण. ट्रेस्कोथिकने पुढे आपल्या नैराश्याबद्दल उघडपणे सांगितलं आणि सॉमरसेट काउंटीकडून २०१९ पर्यंत खेळला. परत येण्यात लाज नाही. पण निखिलचं उत्तर 'नाही' होतं. म्हणून ठरलं: जूनअखेरपर्यंत तिथेच राहायचं, मग बोलू. तारीख ठरली की माणूस थोडा श्वास घेतो.

वडिलांना एकच काम दिलं. फोन शनिवारी रात्री नाही, रविवारी. आणि धावफलक बघायचा नाही. "जमेल," म्हणाले. पहिल्या दोन आठवड्यांत जमलं नाही, मुलीच्या मोबाइलवर बघत होते.

निखिलच्या बाबतीत वाट सापडली ती गप्पांत. लहानपणी मैदानावर काय आवडायचं, असं विचारलं, तर म्हणाला, मॅटिंग, म्हणजे खेळपट्टीवर अंथरायची चटई. पहाटे सगळ्यांच्या आधी जाऊन मॅटिंग ताणून खिळे ठोकायचा मान त्याच्याकडे असायचा. "तुमच्या तिथलं पिच कोण बघतं?" सत्तरीचे एक आजोबा. महिनाभरात त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता. मंगळवारी गेला. आजोबांनी काही न विचारता हातात झाडू दिला. मग रोलर, मग पावसात कव्हर ओढणं. कुठल्या टोकाला ओल जास्त वेळ टिकते, हे त्यांनी बोट रोवून दाखवलं. सामन्यानंतर अर्धा तास बारमध्ये लाइम-सोडा घेऊन बसायचं, हेही जमायला लागलं. आधी मला वाटलं होतं, बार अवघड जाईल. प्रत्यक्षात अवघड गेलं ते तिथलं बोलणं समजणं.

पुढच्या वर्षी राज्याच्या यादीत नाव आलं नाही, हे आधीच सांगून टाकते. धावांचा पाऊसही पडला नाही. जुलैत त्याने कर्णधाराला रनआउट केलं आणि दोन दिवस खोलीबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी आजोबांनी दार वाजवलं. कव्हर ओढायला माणूस कमी पडत होता.

जूनमधल्या एका शनिवारी मात्र रात्री सव्वाबाराला माझा फोन वाजला होता. निखिलचे वडील, घाबरलेले. "मॅडम, त्याने घरच्या ग्रुपवर फोटो टाकलाय. हातात बिअरचा भलामोठा जग! समोर चिल्लर भरलेली बादली!"

मी त्यांना समजावलं, कारण निखिलनेच मला ती रीत सांगितली होती. तिकडे फलंदाजाने पन्नास केल्या की मैदानाभोवती बादली फिरवतात, प्रेक्षक त्यात पैसे टाकतात. आणि ज्याने पन्नास केल्या त्याने संघासाठी जग आणायचा. स्वतः प्यायलाच पाहिजे असं नाही.

पलीकडे क्षणभर शांतता. मग एकदम आवाज चढला, "म्हणजे पन्नास केल्या त्याने?"