पारोसा भेंड कुंडीत: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या वाडीच्या कुंपणाला पारोसा भेंडीची (भाजीची भेंडी नव्हे) जुनी झाडं आहेत. त्यातली जाड फांदी लावून बोन्साय करता येईल का? की खाडीकाठचा एखादा जुना बुंधा उपटून आणलेला बरा?
– अलिबाग

उत्तर : खाडीकाठचं झाड उपटू नका. भेंड तिथे बहुतेक वेळा कांदळवनाच्या कडेलाच असते आणि महाराष्ट्रात कांदळवन तोडायला २००५ पासून उच्च न्यायालयाची बंदी आहे. शिवाय गरजही नाही. कुंपणाला ओली फांदी रोवली तरी जी पालवते, तिच्यासाठी बुंधा कशाला उकरायचा?

फांदी मनगटापेक्षा थोडी बारीक, म्हणजे ३ ते ५ सेंमी जाडीची आणि ३० ते ४० सेंमी लांब घ्या. सरळसोट नको, मुळात वाक असलेली शोधा. जाड झालेलं भेंडीचं लाकूड नंतर वाकत नाही. पहिले एक-दोन पाऊस झाले की लावा. खालचा काप धारदार करवतीने घेऊन चाकूने गुळगुळीत करा, वरच्या कापावर मेण किंवा बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. नदीच्या जाड वाळूत एक तृतीयांश लांबी गाडून खुंटी हलणार नाही अशी बांधून ठेवा.

पंधरा-वीस दिवसांत पालवी फुटते आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. ही पालवी लाकडात साठलेल्या अन्नावर आलेली असते, मुळांचा अजून पत्ता नसतो. खुंटी उपसून बघितली की संपलं. पुढच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत तिला हात लावू नका.

खुंटीचा एक दोष मात्र आहे. मुळं बऱ्याचदा एकाच बाजूने फुटतात आणि बुंध्याभोवती मुळांचा जो घेर हवा, बोन्सायवाले ज्याला नेबारी म्हणतात, तो मिळत नाही. तो हवा असेल तर झाडावरच गुटी बांधा. फांदीच्या जाडीच्या दीडपट रुंदीचं सालीचं वळं काढायचं आणि आतला बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने पूर्ण खरवडायचा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. वरच्या कडेला मुळं फुटण्याची पावडर लावून ओलं, पिळलेलं मॉस (शेवाळ) प्लास्टिकने घट्ट बांधा. पावसाळ्यात साधारण दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसू लागतात. ती पांढरी असताना नाही, थोडी तपकिरी होऊन फुटवे आल्यावर फांदी कापा.

प्रश्न : झाड चार वर्षांचं आहे, पण पानं तळहाताएवढी. बोन्साय वाटतच नाही.
– पुणे

उत्तर : आधी झाडाचं माप बघा. पंचवीस सेंमी उंचीची भेंड कधीच शोभणार नाही, कारण पान लहान करता येतं पण फूल नाही. ते पाच-सहा सेंमीचं येणारच. आमच्या मते भेंड ६० सेंमीच्या खाली ठेवूच नये. ज्यांना तळहातावरचं झाड हवं त्यांनी दुसरी जात निवडावी.

पानांसाठी उपाय म्हणजे पानझड करवणं. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात, झाड जोमात असेल तरच, सगळी पानं कात्रीने काढा, मात्र देठ ठेवा. देठाच्या बगलेत पुढचा डोळा, म्हणजे नव्या फुटव्याचा कोंब असतो. पान ओरबाडलं तर तोही जातो. देठ आठवड्याभरात आपोआप गळतात. दोन-तीन आठवड्यांत नवी पालवी येते. फुटव्याला तीन पानं आली की शेंडा खुडून दोन ठेवा. या काळात झाड दिवसभराच्या उन्हात हवं, सावलीत आलेलं पान पुन्हा मोठंच होणार.

यात हमखास चुकतं ते पाणी. पानं नसलेलं झाड पाणी ओढत नाही, पण आपण सवयीने दोन वेळा घालतो आणि मुळं कुजतात. पालवी उलगडेपर्यंत वरची माती सुकल्यावरच पाणी द्या. खत पानझडीच्या महिनाभर आधी थांबवा, नवी पानं गडद झाल्यावर सुरू करा. पानझड वर्षातून एकदा पुरे. आजारी झाडाची किंवा नुकती कुंडी बदललेल्या झाडाची पानझड करवू नका.

प्रश्न : बाल्कनीत सकाळी चार तास ऊन येतं. खुडणं नियमित करते, शेणखत घालते. पानं छान, फूल एकही नाही.
– ठाणे

उत्तर : नियमित खुडता म्हणूनच फूल नाही. भेंडीची कळी नव्या वाढीच्या शेंड्याकडच्या पानांच्या बगलेत येते. तुम्ही दर पंधरवड्याला शेंडा खुडता, म्हणजे कळीची जागाच काढून टाकता. लहान पानं आणि फुलं ही दोन्ही एकाच वेळी भेंड देत नाही, तेव्हा वर्ष वाटून घ्या. मार्चमध्ये पानझड, मेअखेरपर्यंत खुडणं. जूनपासून कात्री बंद. फुटवे सात-आठ पानांपर्यंत वाढू द्या. आकार बिघडेल, तो बिघडू द्यायचा. फुलं येऊन गेली की त्या फांद्या दोन डोळ्यांवर छाटा.

शेणखताने नत्र जास्त होतंय. जूननंतर ते थांबवून ३० सेंमीच्या कुंडीला दोन चमचे हाडांचा चुरा आणि एक चमचा लाकडाची राख मातीत मिसळा. चार तासांचं ऊन कमीच आहे. सहा तास मिळतील अशी जागा बघा.

फूल सकाळी फिकट पिवळं, आत गडद किरमिजी डाग, आणि संध्याकाळपर्यंत गुलाबी-जांभळं होऊन मिटतं. अनेकजण त्याला रोग समजून औषध फवारतात. तो त्याचा नेहमीचा क्रम आहे.

प्रश्न : नर्सरीवाल्याने भेंड म्हणून दिलं, शेजारी बेलपट म्हणतात. कसं ओळखावं?
– मडगाव

उत्तर : पान उलटं करा. खालून पांढुरकी मऊ लव असेल तर बेलपट, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असेल तर भेंड. फूल असेल तर त्याच्या तळाचा हिरवा पेला बघा: बेलपटाचा पाच टोकांचा, भेंडीचा कडेने जवळजवळ सपाट. वळण देण्याची रीत दोन्हींना सारखीच.

प्रश्न : तार काढली तर सालीत खोल वळ. दुसरी एक फांदी छाटली, ती कापापासून खाली वाळत गेली.
– रत्नागिरी

उत्तर : पावसाळ्यात भेंडीची फांदी भराभर जाड होते. जूनमध्ये बांधलेली तार दर दोन आठवड्यांनी तपासा आणि रुतायला लागली की लगेच काढा. उलटी सोडवत बसू नका, वेढ्यावेढ्याने कापा. अडीच-तीन मिमी ॲल्युमिनियमची तार पेन्सिलएवढ्या फांदीला पुरते. त्याहून जाड फांदी सुतळीने कुंडीच्या कडेला ओढून बांधावी, सालीवर रबराचा तुकडा ठेवून. आता पडलेले वळ फांदी जाड होत जाईल तसे बुजतील, पण वर्षं लागतील.

फांदी वाळली कारण काप डोळ्याला चिकटून घेतला. डोळ्याच्या वर दोन सेंमी खुंट ठेवायचा. तो डोळ्यापर्यंत वाळतो आणि तिथे थांबतो. नवा फुटवा टणक झाल्यावर खुंट काढून मेण लावा.

प्रश्न : समुद्रकाठचं झाड, मग अधूनमधून मिठाचं पाणी द्यावं का? आणि बोंडांवर लाल किडे जमतात, ते कसले?
– डहाणू

उत्तर : मीठ अजिबात नको. भेंड खारं सोसते, तिला ते लागतं असं नाही. किनाऱ्यावर पाऊस मीठ धुऊन नेतो, कुंडीत ते साठत जातं आणि पानांच्या कडा करपतात. कुंडीवर पांढरा थर दिसला, बोअरच्या पाण्यानेही तो येतो, तर गोडं पाणी तळातून तीन-चारदा वाहून जाईपर्यंत घाला. निचऱ्यासाठी मातीचं मिश्रण असं धरा: विटेचे किंवा जांभ्याचे तीन ते पाच मिमीचे चाळलेले तुकडे तीन भाग, चाळलेलं कंपोस्ट एक भाग, जाड वाळू एक भाग. दगडाची पूड धुऊन काढा, नाहीतर तळाशी चिखल बसतो. कुंडी निदान दहा सेंमी खोल हवी. उन्हाळ्यात एवढ्या पानांना उथळ ट्रे दुपारपर्यंतही पुरत नाही.

लाल किडे म्हणजे कपाशीवरचेच लाल ढेकूण; भेंड कपाशीच्याच कुळातली. ते बोंडातल्या बिया शोषतात, झाडाला फारसा धोका नाही. बोंडं हिरवी असतानाच तोडा, किडे निघून जातील आणि झाडाची ताकदही वाचेल. खरा त्रास पिठ्या ढेकणाचा. शेंडे आखडले आणि मुंग्यांची ये-जा दिसली की पानाखाली बघा. थोडे असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्रशने पुसा. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि एक मिली पातळ साबण, उन्हं उतरल्यावर, आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारा. मुंग्यांचा बंदोबस्त केला नाही, तर त्या ढेकूण पुन्हा आणून बसवतात.