राजीनामा लिहून देण्याआधी
(वाचकांचे प्रश्न : रोजगार आणि शासकीय योजना)

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. तोच प्रश्न नावगाव बदलून वर्षभर येत राहतो, त्यामुळे त्याचे एकदा सविस्तर उत्तर द्यावे असे वाटले. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यात मी अकरा वर्षे यंत्रमागावर काम केले. माझे वय ४४ आहे. पगार १४,४०० रुपये असून त्यातून पीएफ आणि ईएसआय दोन्ही कापले जात. आता नवे रेपिअर माग (कमी माणसांत चालणारे आधुनिक माग) आल्यामुळे आम्हा सहा जणांना कमी करायचे ठरले आहे. ‘घरगुती कारणास्तव काम सोडत आहे’ असे लिहून द्या, लगेच २५ हजार रुपये देतो, असे मालक म्हणतात. सरकारकडून बेकारांना काही मदत मिळते का, आणि मी सही करावी का?

उत्तर : अंक छापून हाती पडेपर्यंत फार उशीर झाला असता म्हणून आपल्याला पत्राने आधीच कळवले आहे, येथे तेच इतरांसाठी देत आहे. सही करू नका. आपण दोन प्रश्न विचारले आहेत असे आपल्याला वाटते, पण तो एकच प्रश्न आहे, कारण सरकारी मदत मिळणार की नाही हे त्या एका सहीवर ठरणार आहे.

कर्मचारी राज्य विमा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो, तो केवळ दवाखान्यापुरता आहे असा समज सोलापुरात घट्ट बसला आहे. प्रत्यक्षात त्यात नोकरी गेलेल्यांसाठी दोन तरतुदी आहेत. १ एप्रिल २००५ पासून सुरू असलेल्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेनुसार कारखाना बंद पडल्यामुळे किंवा छाटणीमुळे काम गेलेल्या, आणि किमान दोन वर्षे वर्गणी भरलेल्या विमाधारकाला जास्तीत जास्त २४ महिने बेकारी भत्ता मिळतो. पहिले १२ महिने तो सरासरी रोजंदारीच्या निम्मा आणि पुढचे १२ महिने पाव असतो. या काळात स्वतःचे आणि कुटुंबाचे औषधोपचारही चालू राहतात. दुसरी तरतूद १ जुलै २०१८ पासून सुरू झालेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची आहे. तीत जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजंदारीच्या निम्मी रक्कम मिळते आणि हा लाभ आयुष्यात एकदाच घेता येतो. ही योजना ठरावीक मुदतीची असून तिची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे, म्हणून अर्जाच्या वेळी ती चालू आहे ना, हे ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारून घ्यावे.

आपली रोजंदारी ढोबळमानाने ४८० रुपये धरू. अटल योजनेत ९० दिवसांचे २१,६०० रुपये होतात. राजीव गांधी योजनेत पहिल्या वर्षी दिवसाला २४० रुपयांप्रमाणे सुमारे ८७ हजार आणि दुसऱ्या वर्षी दिवसाला १२० रुपयांप्रमाणे सुमारे ४३ हजार, म्हणजे एकंदर एक लाख तीस हजारांच्या आसपास रक्कम होते. मात्र स्वखुशीने काम सोडणाऱ्याला या दोन्हींचा लाभ मिळत नाही. ‘घरगुती कारणास्तव’ हे दोन निरुपद्रवी वाटणारे शब्द आपल्या हस्ताक्षरात कागदावर उतरले, की पुढे कोणत्याही खिडकीवर जाऊन ‘मला काढले हो’ असे सांगण्यात काही अर्थ राहत नाही. खिडकीपलीकडचा माणूस तोच कागद पुढे सरकवतो.

आता मालकाच्या २५ हजारांकडे वळू. पाच वर्षांहून अधिक सेवा झाली असल्यामुळे ग्रॅच्युइटी आपल्याला राजीनामा दिला तरी मिळायचीच आहे. पूर्ण पगार हिशेबात धरला तर महिन्याच्या पगाराला २६ ने भागून, १५ ने आणि मग सेवेच्या ११ वर्षांनी गुणल्यावर ती ९१ हजारांच्या पुढे जाते. छाटणी झाली असेल तर त्याशिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार एवढी भरपाई देय असते. आपल्या बाबतीत ती ७९ हजारांच्या घरात जाते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत आणखी एक गोष्ट आली आहे. छाटणी झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने त्याच्या शेवटच्या पगाराच्या १५ दिवसांइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत (कामगाराला नवे काम शिकता यावे यासाठीच्या निधीत) भरायची आणि ती छाटणीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची, अशी ही तरतूद आहे. त्याच संहितेनुसार मालकाने वर्षभरात पुन्हा माणसे घ्यायची ठरवली तर छाटणी झालेल्या कामगारांना आधी विचारावे लागते. राजीनामा देणाऱ्याला हा हक्क नाही. हे सगळे मालकाला ठाऊक असते, आणि म्हणूनच २५ हजार रुपये रोख आणि लगेच देण्याची तयारी असते.

तेव्हा मालकाला एवढेच सांगा, की काम कमी झाल्यामुळे सेवा संपुष्टात आणत असल्याचे पत्र कारखान्याच्या कागदावर, तारीख आणि शिक्क्यासह द्या, मी ते घेतो. भांडण करण्याची गरज नाही. पत्र न देता फाटकावरून परत पाठवले, तर त्याच दिवशी ‘मी कामावर हजर झालो होतो, मला आत घेतले नाही, मी राजीनामा दिलेला नाही’ असा चार ओळींचा मजकूर स्पीड पोस्टाने कारखान्याला पाठवा आणि त्याची प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. सहाही जणांनी एकत्र जावे. ज्यांनी आधीच सही केली असेल त्यांनीही ती दबावाखाली घेतल्याचे विनाविलंब लेखी कळवावे. महिनोन्महिने गप्प राहिलेल्या माणसाची बाजू दुबळी होत जाते.

शेवटी वयाबद्दल. ४४ व्या वर्षी नवे काय शिकणार, असे आपण पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिले आहे. साध्या मागावर अकरा वर्षे काढलेल्या माणसाला धागा कळतो, ताण कळतो, कापडातला दोष हात फिरवून कळतो. रेपिअरवर त्याला शिकायचे उरते ते यंत्राचे पॅनेल आणि देखभाल. ज्या मागांमुळे काम गेले त्याच मागांवर पुन्हा काम मिळवणे हा मला तरी सर्वांत सरळ रस्ता वाटतो. भत्त्याचे महिने त्या शिक्षणासाठी खर्च करावेत. एखाद्या चहाच्या गाड्यासाठी कर्ज काढण्यात ते घालवू नयेत.

प्रश्न : मी २६ वर्षांची पदवीधर आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत एका शासकीय कार्यालयात अकरा महिने काम केले, दरमहा १० हजार रुपये विद्यावेतन मिळाले. पीएफ वगैरे काही कापले गेले नाही. मुदत संपल्यावर घरी बसले आहे. आम्हाला कायम करणार का?

उत्तर : या योजनेत कायम नोकरीचे आश्वासन पहिल्यापासूनच नाही. २०२४ च्या आषाढीला पंढरपुरात तिचा गाजावाजा झाला तेव्हा टाळ्यांच्या गजरात हा भाग फारसा कोणाच्या कानावर पडला नाही, यात आपला दोष नाही. आधी सहा महिन्यांची असलेली मुदत पाच महिन्यांनी वाढली, त्यामुळे पुढेही ती वाढतच जाईल अशी आशा अनेकांना लागली आणि त्या आशेवर काहींनी दुसरीकडे अर्ज करणेच थांबवले. कायम करण्याची मागणी करणे हा आपला हक्क आहे, ती जरूर करावी, पण तिच्या निकालाची वाट पाहत घरी बसू नये.

आपल्या बाबतीत एक गोष्ट मात्र फायद्याची आहे. पीएफ कधीच कापला गेलेला नसल्यामुळे भविष्य निर्वाह निधीच्या दप्तरात आपण अजून ‘प्रथमच नोकरीस लागणाऱ्या’ ठरता. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेनुसार १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात पहिल्यांदा पीएफची नोकरी धरणाऱ्याला एक महिन्याच्या पीएफ पगाराएवढी (ज्या पगारावर पीएफ कापला जातो तेवढी), पण जास्तीत जास्त १५ हजार रुपयांची रक्कम दोन हप्त्यांत मिळते : पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनंतर आणि आर्थिक साक्षरतेचा छोटा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर. याहून महत्त्वाचा भाग मालकाचा आहे. जादा माणसे घेऊन ती सहा महिने टिकवणाऱ्या आस्थापनेला अशा प्रत्येक माणसामागे दरमहा तीन हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळते. पन्नासपेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी किमान दोन आणि त्याहून मोठ्या ठिकाणी किमान पाच जादा माणसे घ्यावी लागतात. मुलाखतीत हे आपण होऊन सांगायला संकोच करू नका. सोलापुरातल्या मध्यम आकाराच्या अनेक आस्थापनांना ही योजना नावापुरतीच माहीत असते.

प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हातात आले नसेल तर ते आधी मागून घ्या, आणि त्यात केवळ ‘प्रशिक्षण पूर्ण केले’ असे न लिहिता आवक-जावक नोंदी, संगणकावरील नोंदणी असे जे काम प्रत्यक्ष केले ते लिहून मिळते का, पाहा. रोजगार महास्वयम् संकेतस्थळावरची आपली नोंदही त्यानुसार अद्ययावत करावी. ती तशीच पडून राहिली तर रोजगार मेळाव्याचे निरोप जुन्याच माहितीवर येत राहतात.

प्रश्न : मी ३८ वर्षांची असून कुंभारीच्या रे नगरात राहते. बिड्या वळते, पण कारखान्याकडून पाने कमी मिळतात आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस हात रिकामे राहतात. घरी ब्लाउज शिवते, साडीला फॉल लावते. शाळेच्या गणवेशांचे काम मोठ्या प्रमाणावर घ्यायचे आहे. एक गृहस्थ चार लाखांचे सबसिडीचे कर्ज करून देतो म्हणतात, फाईलचे १२ हजार मागतात.

उत्तर : ताई, १२ हजार देऊ नका. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम काय किंवा राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम काय, अर्जाला शुल्क नाही, आणि कर्ज द्यायचे की नाही हे बँक ठरवते, फाईल करणारा नव्हे.

‘सबसिडी’ या शब्दाचा उलगडाही येथे करून ठेवतो, कारण हेच गृहस्थ तो करत नाहीत. केंद्राच्या कार्यक्रमात ग्रामीण भागातील महिलेला प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान असते आणि स्वतःचे पाच टक्के घालावे लागतात. चार लाखांच्या प्रकल्पात आपले २० हजार, आणि अनुदान एक लाख ४० हजार. पण हे अनुदान हातात येत नाही. ते तीन वर्षे आपल्या नावाने बँकेत अडकवून ठेवतात आणि व्यवसाय चालू असल्याची खात्री झाल्यावरच कर्जात वळते करतात. तोवर हप्ते भरावेच लागतात. गणवेशाचे काम हंगामी आहे : जून उजाडण्याआधीचे काही महिने रात्रीचा दिवस, आणि पावसाळा लागला की मशीनवर कापड झाकून ठेवायचे. हप्ता मात्र बाराही महिने येतो. आधी हंगाम पाहून मग कर्जाचा आकडा ठरवावा, असे माझे मत आहे.

म्हणून आपण सुरुवात पीएम विश्वकर्मा योजनेपासून करावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. (विणकर मात्र त्यात नाहीत, याबद्दल सोलापूरच्या पूर्वभागातून, म्हणजे विणकरांच्या वस्तीतून, मला दर महिन्याला रागाची पत्रे येतात.) आपण शिवणकाम आधीपासून करत आहात, ही अट पूर्ण होते. जवळच्या सामायिक सुविधा केंद्रात आधार दाखवून मोफत नोंदणी होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायत करते. पाच ते सात दिवसांच्या प्रशिक्षणात रोज ५०० रुपये मिळतात आणि अवजारांसाठी १५ हजारांचे व्हाउचर मिळते, ज्यात शिलाई मशीनचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. त्यानंतर हवेच असेल तर पाच टक्के व्याजाने, तारणाशिवाय, आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. कुटुंबातील एकालाच हा लाभ मिळतो आणि घरात कोणी सरकारी नोकर असेल तर मिळत नाही. बिडीचे काम आत्ताच सोडू नका. गणवेशाचा एक हंगाम जाऊ द्या.

प्रश्न : मंगळवेढा तालुक्यातील आमच्या गावात रोजगार हमीचे काम मागायला गेलो, की ‘सध्या काम नाही, निघाले की सांगू’ असे उत्तर मिळते. दोन महिने झाले. काय करावे?

उत्तर : तोंडी मागितलेल्या कामाची सरकारदरबारी नोंदच होत नाही. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या आणि १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर पसरलेल्या या योजनेला १९७७ मध्ये राज्याने कायद्याचे रूप दिले. पुढे २००५ मध्ये देशाचा कायदा झाला आणि वर्षाला कुटुंबामागे शंभर दिवसांची हमी आली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा मंजूर केला, त्यात हे दिवस १२५ केले आहेत. दिवस बदलले, नाव बदलले, पण मागणीपासून १५ दिवसांत काम आणि ते न दिल्यास बेकारी भत्ता, हा गाभा दोन्हींत आहे. हा भत्ता पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि नंतर किमान निम्मा असतो.

हे १५ दिवस अर्जाच्या तारखेपासून मोजले जातात, आणि आपले दोन महिने अजून सुरूच झालेले नाहीत. ग्रामपंचायतीतून कामाच्या मागणीचा नमुना ४ घ्या, तो भरून ग्रामरोजगार सेवकाकडे द्या आणि तारीख घातलेली पोच तिथेच उभे राहून मागून घ्या. पोच नाकारली तर तोच अर्ज पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे देऊन आवक क्रमांक घ्या. एकट्याने न देता गावातल्या काम मागणाऱ्या दहा-पंधरा कुटुंबांनी एकाच दिवशी अर्ज दिले, तर काम काढणे पंचायतीलाही सोपे जाते. एका मजुरासाठी पाझर तलावाचा गाळ कोणी काढायला घेत नाही.